अँटिव्हायरस विकत न घेता घरचा कॉम्प्युटर सांभाळायचा, तर आधी काय तपासावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी पाच-सहा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला विंडोज १० चा कॉम्प्युटर आहे. सोबत मिळालेल्या अँटिव्हायरसची मुदत संपली, दुकानदाराने नव्या वर्षाचे पैसे सांगितले, म्हणून भाच्याने दोन फुकटचे अँटिव्हायरस टाकून दिले. तेव्हापासून मशीन रडतखडत चालतं आणि कोपऱ्यात सारखं ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले’ असं झळकतं. वडील याच मशीनवर बँकेचे व्यवहार करतात. मुलगी कॉलेजचे प्रोजेक्ट करते आणि तिचा पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जाऊन येतो. पैसे न घालता याचा नीट बंदोबस्त होईल का?

होईल. दोन्ही फुकटचे अँटिव्हायरस काढून टाका आणि विंडोजमध्ये आधीपासून असलेला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर व्यवस्थित लावून घ्या. घरगुती आणि छोट्या दुकानांतली मशिन्स मी बरीच वर्षं हाताळतोय. बहुतेक ठिकाणी अँटिव्हायरस नाही ही अडचण नसतेच. तो असतो, पण त्याला कुणीतरी गप्प बसवून ठेवलेलं असतं. म्हणून नवीन काही टाकण्याआधी, आहे त्याचं काय झालंय ते बघायचं.

डिफेंडरबद्दल लोकांच्या मनात जुनी अढी आहे आणि ती अगदीच निराधार नव्हती. विंडोज व्हिस्टाच्या काळात तो फक्त स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्रॅम, पकडायचा. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी एसेन्शियल्स नावाचा वेगळा फुकट अँटिव्हायरस दिला, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हाच पूर्ण अँटिव्हायरस झाला. सुरुवातीची काही वर्षं चाचण्यांमध्ये तो मागेच असायचा. आपल्याकडे तर त्याच्याही आधीपासून अँटिव्हायरस म्हटलं की पुण्याच्या क्विक हीलचा डबा डोळ्यांसमोर यायचा. कैलास आणि संजय काटकर या भावांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून ती कंपनी उभी केली, आणि फ्लॉपी-सीडीच्या जमान्यात असा डबा विकत घेणं ही खरी गरज होती. दरवर्षी दुकानात जाऊन नवी लायसन्स-की आणायची सवय तेव्हाची आहे. आता परिस्थिती वेगळी आहे. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था घरगुती अँटिव्हायरसच्या नियमित चाचण्या घेते, आणि डिफेंडर तिथे गेली काही वर्षं वरच्या रांगेत असतो. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्हजच्या चाचण्यांत मात्र त्याची एक कमजोरी दिसते: इंटरनेट बंद असताना त्याची ओळखण्याची ताकद बरीच घटते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सेटिंग लावताना कामाला येईल.

आधी साफसफाई

दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत नाहीत. कोणतीही फाइल उघडली की ती आधी तपासायची म्हणून दोघंही मध्ये पडतात. एकाने तपासायला उघडलेली फाइल दुसरा तपासायला घेतो आणि साधा फोल्डर उघडायलाही वेळ लागतो. तुमचं मशीन रडतखडत चालतं त्याचं पहिलं कारण बहुधा हेच. शिवाय बाहेरचा अँटिव्हायरस आला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. तो मुळातच तसा बनवलेला आहे.

सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’मध्ये जाऊन एक अँटिव्हायरस काढा, मशीन रीस्टार्ट करा, मग दुसरा काढा आणि पुन्हा रीस्टार्ट करा. मुदत संपलेला जुना अँटिव्हायरसही यादीत असेल तर तोही काढा. तो नुसता पडून राहतो आणि मध्येच ‘रिन्यू करा’ म्हणून घाबरवतो. एवढ्याने भागलं तर उत्तम. पुष्कळदा मात्र काही अवशेष मागे राहतात. त्यासाठी जवळपास प्रत्येक कंपनी स्वतःचं सफाईचं टूल फुकट देते, उदाहरणार्थ अव्हास्टचं ‘अव्हास्ट क्लिअर’ किंवा मॅकॅफीचं ‘एमसीपीआर’. ते त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, डाउनलोडच्या बाजारू साइटवरून नको.

सगळं निघालं की स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधून उघडा. खालच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ असतं. तिथे अँटिव्हायरस म्हणून फक्त मायक्रोसॉफ्ट डिफेंडर दिसला पाहिजे. दुसरं कुणी दिसलं तर सफाई अजून पूर्ण झालेली नाही.

एक्स्क्लूजन्सची यादी

आता ज्या ठिकाणी मी प्रत्येक मशीनवर सगळ्यात आधी जातो ते ठिकाण. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा, ‘मॅनेज सेटिंग्ज’ दाबा आणि सरळ तळाशी जा. तिथे ‘एक्स्क्लूजन्स’ आहे. म्हणजे डिफेंडरला सांगून ठेवलेली यादी: या जागांकडे बघायचं नाही.

घरच्या मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. असेंबल करून आणलेल्या मशिन्सवर ती अनेकदा रिकामी नसते. मी पाहिलेल्या एका मशीनवर त्या यादीत तीनच ओळी होत्या. पहिली, विंडोजच्या ॲक्टिव्हेटरचा, म्हणजे लायसन्स न घेता विंडोज चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, फोल्डर. दुसरी, डाउनलोड्सचा फोल्डर. तिसरी, सरळ अख्खा सी ड्राइव्ह. वरच्या पडद्यावर मात्र हिरवी टिकमार्क आणि ‘नो ॲक्शन नीडेड’. घरातले लोक ती हिरवी खूण बघून निर्धास्त होते, आणि डिफेंडर रोज अपडेट होऊनही सी ड्राइव्हमधली एकही फाइल तपासत नव्हता.

हे असं का होतं? क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं, विंडोज, ऑफिस किंवा डीटीपीचं सॉफ्टवेअर टाकलं की डिफेंडर तो क्रॅक उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे कोंडून ठेवायच्या जागी, टाकतो. मग गिऱ्हाईक ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ म्हणून परत येतं. ते टाळायचा सोपा उपाय म्हणजे एक्स्क्लूजन. गिऱ्हाइकाला कुणी हे सांगत नाही, सांगितलं तरी त्याचा अर्थ कळेलच असं नाही. आणखी वाईट म्हणजे व्हायरसही हाच मार्ग वापरतात. एकदा ॲडमिनचे अधिकार मिळाले की बरेच व्हायरस आधी स्वतःचा फोल्डर या यादीत घालतात आणि मग निवांत कामाला लागतात.

म्हणून त्या यादीतली प्रत्येक ओळ उघडून ‘रिमूव्ह’ करा. एखादी कशासाठी आहे ते कळत नसेल तरीही काढा. काही अडलंच तर ती नंतर पुन्हा घालता येते. यादी मोकळी झाल्यावर फुल स्कॅन लावा आणि जे निघेल ते जाऊ द्या. क्रॅक गेला आणि सॉफ्टवेअर बंद पडलं, तर लिब्रेऑफिससारखं फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअर घ्या. मराठी टायपिंगसाठी तर विंडोजमध्येच मराठी कीबोर्ड आहे आणि युनिकोड फॉन्टही आहेत. क्रॅक ठेवून अँटिव्हायरस लावण्याला काही अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच पानावर कधी कधी लाल अक्षरांत ‘धिस सेटिंग इज मॅनेज्ड बाय युवर ॲडमिनिस्ट्रेटर’ असं दिसतं आणि बटणं हलतच नाहीत. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे ठीक आहे, तिथे खरोखर ॲडमिनिस्ट्रेटर असतो. घरच्या मशीनचे ॲडमिनिस्ट्रेटर तुम्हीच. तुम्ही हे केलेलं नसेल तर एखाद्या ॲक्टिव्हेटरने किंवा व्हायरसने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या मूळ नोंदवहीत, बंधन घालून डिफेंडर जखडलेला आहे. बाहेरचा अँटिव्हायरस काढूनही ही ओळ जात नसेल तर मी रजिस्ट्रीशी झटापट करत बसत नाही. कामाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर काढतो, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह तयार करतो आणि विंडोज नव्याने टाकतो. अर्धा दिवस जातो खरा, पण मशीनवर पुन्हा विश्वास ठेवता येतो.

बटणं कोणती चालू हवीत

त्याच ‘मॅनेज सेटिंग्ज’ पानावर वरून खाली या. ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू असलंच पाहिजे, त्यावर चर्चा नाही. ‘क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन’ हे वर सांगितलेल्या कमजोरीचं उत्तर आहे. अनोळखी फाइल आली की डिफेंडर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो आणि लगेच निकाल मिळतो. काही जण खासगीपणाच्या काळजीने हे बंद करतात. मला ती काळजी समजते, पण घरच्या मशीनवर हे बंद करणं म्हणजे डिफेंडरचा अर्धा डोळा झाकणं. ‘ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन’ही चालू राहू द्या. वैयक्तिक माहिती असण्याची शक्यता असलेली फाइल पाठवायची झाली तर तो आधी विचारतो. ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ २०१९ मध्ये आलं. या सेटिंग्ज बाहेरच्या प्रोग्रॅमने परस्पर बदलू नयेत म्हणून ते असतं. ॲक्टिव्हेटरच्या सूचनांमध्ये पहिली ओळ बहुतेक वेळा ‘टॅम्पर प्रोटेक्शन बंद करा’ हीच असते, यावरून त्याचं महत्त्व ओळखा.

मग ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये जा. तिथे ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ उघडलं की ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ सापडेल. ते चालू करा आणि त्याखालच्या दोन्ही चौकटींत खूण करा. फुकट पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेटर, पीसी क्लीनर अशा नावांनी जे सामान येतं ते व्हायरसच्या व्याख्येत बसत नाही, पण ब्राउझरचं सर्च बदलतं आणि जाहिराती घुसवतं. ते अडवायचं काम या बटणाचं. फायरवॉल जशी आहे तशी तिन्ही ठिकाणी चालू ठेवा.

कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस

खंडणीखोर व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, तुमच्या फाइल्सना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. त्यासाठी डिफेंडरमध्ये २०१७ पासून ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ आहे. ते मुळात बंद असतं. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या तळाशी ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये जाऊन तुम्हाला ते स्वतः चालू करावं लागतं. चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक अशा फोल्डरांत विश्वासातल्या प्रोग्रॅमशिवाय कुणालाही बदल करता येत नाही.

आपल्याकडे इथे एक हमखास घोटाळा होतो. ‘सी फॉरमॅट झाला तर जाईल’ म्हणून आपण महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवतो. घरचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, मुलीचे प्रोजेक्ट, सोसायटीचे हिशेब, सगळं डीमध्ये. पण डिफेंडर आपणहून ज्या फोल्डरांचं रक्षण करतो ते सीमधल्या तुमच्या खात्याचे. डीमधल्या फोल्डरांचं त्याला काहीच माहीत नसतं. तेव्हा ‘प्रोटेक्टेड फोल्डर्स’ उघडा, ‘ॲड अ प्रोटेक्टेड फोल्डर’ दाबा आणि डीमधला एकेक महत्त्वाचा फोल्डर तिथे घाला. आतले फोल्डर आपोआप त्यात येतात.

पहिले काही दिवस थोडा त्रास होईल, तो सोसा. जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर, स्कॅनरचा प्रोग्रॅम किंवा एखादा गेम फाइल सेव्ह करायला गेला की अडतो. गोंधळ असा की त्या प्रोग्रॅमला खरं कारण कळत नाही. तो ‘फाइल सापडत नाही’ किंवा ‘सेव्ह करता येत नाही’ असं काहीतरी सांगतो आणि घरातल्यांना वाटतं डिस्कच खराब झाली. खरं कारण कोपऱ्यातल्या डिफेंडरच्या सूचनेत असतं, आणि ती दिसून निघूनही गेलेली असते. अशा वेळी त्याच पानावर ‘अलाउ ॲन ॲप’ उघडून ‘रिसेंटली ब्लॉक्ड ॲप्स’ बघा. तिथे तुमच्या ओळखीचा प्रोग्रॅम दिसला तर त्याला परवानगी द्या. ओळखीचा नसेल तर देऊ नका, आणि तो कुठून आला ते शोधा.

हे सगळं करूनही बॅकअपला पर्याय नाही. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा महत्त्वाचे फोल्डर त्यावर उतरवा आणि काम झालं की केबल काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिलेली डिस्क रॅन्समवेअरला सीसारखीच दिसते.

अपडेट, आणि विंडोज १० चा प्रश्न

डिफेंडरची व्हायरस ओळखण्याची माहिती दिवसातून अनेकदा बदलते. ब्रॉडबँड असेल तर तुम्हाला काही करावं लागत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट वापरत असाल तर बघा, ते कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून डेटा मिळणारं, म्हणून लावलेलं असलं की विंडोज डेटा वाचवायला जातं आणि अपडेट खोळंबतात. अशा घरांत मी एकच गोष्ट सांगतो: बँकेचं काम करण्याआधी ‘प्रोटेक्शन अपडेट्स’मध्ये जाऊन ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा आणि मगच बँकेची साइट उघडा.

विंडोजचे स्वतःचे अपडेट याहूनही महत्त्वाचे आहेत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो टाकला होता त्यांच्या मशीनवर हा किडा आपणहून शिरू शकला नाही.

इथेच तुमची खरी अडचण आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरची माहिती विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. पण त्याने विंडोजमधली नवी भगदाडं बुजत नाहीत. त्यासाठी घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर तिला पैसे पडत नाहीत. नोंदणी ‘विंडोज अपडेट’च्या पानावरूनच होते. सोबत ‘पीसी हेल्थ चेक’ हे मायक्रोसॉफ्टचं टूल चालवून मशीन विंडोज ११ ला चालतं का ते बघा. इंटेलचं आठव्या पिढीचं किंवा त्यानंतरचं प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. असेंबल केलेल्या पुष्कळ मशिन्समध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. ते चालू केल्यावर मशीन पात्र ठरल्याचं मी बऱ्याचदा पाहिलंय.

स्कॅन आणि झेरॉक्सवाला पेन ड्राइव्ह

रोजच्यासाठी क्विक स्कॅन पुरतो आणि तो आपोआप होत राहतो. फुल स्कॅन आता सफाईनंतर एकदा करा, पुढे शंका आली तरच. तो रात्री लावून झोपा. व्हायरस काढला तरी पुन्हा पुन्हा उगवत असेल तर ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ वापरा. त्यात मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, म्हणून व्हायरसला लपायला जागा मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. उघडी कामं आधी सेव्ह करा.

पेन ड्राइव्हचा विषय मात्र नीट समजून घ्या, कारण डिफेंडरचा फुल स्कॅन मूळ सेटिंगमध्ये पेन ड्राइव्ह तपासत नाही. त्यातली फाइल उघडताना रिअल-टाइम प्रोटेक्शन ती बघतं, पण आख्ख्या पेन ड्राइव्हची तपासणी तुम्ही सांगितल्याशिवाय होत नाही. मुलीला एवढं शिकवा: पेन ड्राइव्ह लावला की ‘धिस पीसी’मध्ये त्याच्यावर राइट क्लिक करायचं आणि ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ दाबायचं. विंडोज ११ मध्ये हा पर्याय समोर दिसला नाही तर ‘शो मोअर ऑप्शन्स’मध्ये मिळतो.

झेरॉक्सच्या आणि सायबर कॅफेच्या मशीनवरून हमखास येतो तो शॉर्टकट व्हायरस. पेन ड्राइव्ह उघडला की सगळे फोल्डर दिसतात, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. खरे फोल्डर व्हायरसने लपवलेले असतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट बनवलेले असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की तुमचा फोल्डरही उघडतो आणि मागे व्हायरसही चालू होतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. असे बाण दिसले की कशावरही क्लिक करू नका. आधी वर सांगितल्याप्रमाणे स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फाइल्स दाखवायला सांगा, आणि फोल्डर ऑप्शन्समधली ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’ची खूण काढा. खरे फोल्डर फिकट रंगात समोर येतील. तेवढे मशीनवर उतरवून घ्या आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. प्रोजेक्ट गेला असं समजून रडकुंडीला आलेली मुलं मी बघितली आहेत, आणि फाइल्स बहुतेक वेळा तिथेच असतात. काम झाल्यावर ती खूण परत लावा. प्रिंट काढायची तर पेन ड्राइव्ह नेण्यापेक्षा पीडीएफ दुकानाला मेल करणं जास्त बरं.

तिथेच ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’ कायमचं चालू करून टाका. म्हणजे ‘वीजबिल.पीडीएफ’ म्हणून आलेली फाइल मुळात ‘वीजबिल.पीडीएफ.ईएक्सई’ आहे हे उघड दिसेल.

सगळं लावून झाल्यावर ते खरंच काम करतंय का, हे तपासायचा निर्धोक मार्ग आहे. आयकार या संस्थेने ६८ अक्षरांची एक चाचणी फाइल ठरवून दिली आहे. ती कुणाचंही नुकसान करत नाही, पण प्रत्येक अँटिव्हायरस तिला व्हायरस मानून पकडतो. आयकारच्या साइटवरून ती उतरवून बघा. डिफेंडरने तिथल्या तिथे अडवली तर ठीक. निमूट डाउनलोड झाली तर एक्स्क्लूजन्सच्या यादीकडे परत जा.

कोपऱ्यातले ‘पाच व्हायरस’

ते इशारे अँटिव्हायरसचे नसण्याचीच शक्यता जास्त आहे. नीट वाचा: त्या चौकटीत बारीक अक्षरांत ‘गूगल क्रोम’ आणि एखाद्या अनोळखी साइटचं नाव असतं. सिनेमा किंवा क्रिकेट फुकट दाखवणाऱ्या एखाद्या साइटवर कुणीतरी ‘अलाउ’ दाबलेलं असतं, आणि तेव्हापासून ती साइट सूचना पाठवत राहते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’ असं जा आणि परवानगी दिलेल्या अनोळखी साइट्स काढून टाका. इशारे तत्क्षणी थांबतील. डिफेंडर कधीही फोन नंबर देऊन ‘इथे फोन करा’ म्हणत नाही. तसा नंबर दिसला तर तो भामट्यांचाच. वडिलांना हे आवर्जून सांगा. आणि फसवणुकीत पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायला सांगा, पैसे अडवता येतील की नाही ते त्या पहिल्या तासांवरच ठरतं.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. हल्ली ‘मी रोबोट नाही’ अशी खूण करायला सांगणारी खोटी पानं येतात. खूण केली की ती पुढे सांगतात: विंडोजचं बटण आणि ‘आर’ दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. पानाने गुपचूप कॉपी केलेली आज्ञा तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. यातून बहुधा पासवर्ड चोरणारे व्हायरस शिरतात. त्यांतला लुमा नावाचा एक चोर मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि तपास यंत्रणांनी मिळून मोडीत काढला, तेव्हा दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज मशिन्सना त्याची लागण झालेली आढळली होती. असा चोर काही मिनिटांत ब्राउझरमधले सगळे पासवर्ड आणि चालू लॉगिन पाठवून मोकळा होतो. अँटिव्हायरसने त्याला संध्याकाळी पकडलं तरी माल सकाळीच गेलेला असतो. म्हणून डिफेंडरच्या ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’त ‘स्टीलर’ (असाच पासवर्ड-चोर) असं नाव दिसलं तर ‘काढला, झालं’ म्हणून गप्प बसू नका. मोबाइलवरून, या मशीनवरून नव्हे, मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला आणि सगळीकडून साइन आउट करा. बँकेचा पासवर्ड तर ब्राउझरमध्ये साठवूच नका.

वडिलांसाठी विंडोजमध्ये वेगळं ‘स्टँडर्ड’, म्हणजे ॲडमिनचे अधिकार नसलेलं, खातं करून द्या, मुलीसाठीही. ॲडमिनचं खातं आणि त्याचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. मग काहीही इन्स्टॉल करताना पासवर्ड मागितला जाईल आणि तुम्हाला हाक मारली जाईल. ही एक गोष्ट कुठल्याही विकतच्या अँटिव्हायरसपेक्षा जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

दुसराच फुकटचा हवा असेल तर

काहींना डिफेंडर नकोच असतो. हरकत नाही, पण फुकटच्या अँटिव्हायरसचा खर्च कुठून निघतो हे बघा. अव्हास्टने आपल्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती विकली होती. २०२० मध्ये ते उघड झाल्यावर जम्पशॉट बंद झाली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अव्हास्ट, एव्हीजी, अव्हिरा आणि नॉर्टन ही चारही नावं आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत, तेव्हा एक सोडून दुसरं घेतल्याने मालक बदलत नाही. तरीही टाकायचाच असेल तर ‘कस्टमाइझ’ दाबून फक्त फाइल तपासणी आणि वेब तपासणी ठेवा. ब्राउझर, व्हीपीएन, क्लीनर हे सगळं नाकारा आणि सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीच्या पानावर माहिती वाटण्याच्या सगळ्या खुणा काढा.

दुसरं मत हवं असेल, तर कायमचा दुसरा अँटिव्हायरस न टाकताही ते मिळतं. ‘मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर’ उतरवून चालवा. तो दहा दिवसांनी बाद होतो, पुढच्या वेळी नवा घ्यायचा. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही अशी सफाईची टूल्स फुकट मिळतात.

राहिला मशीनच्या संथपणाचा प्रश्न. दोन अँटिव्हायरस निघाल्यावर फरक पडेलच. तरीही टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ वर दिसत राहिलं, तर तो डिफेंडरच आहे आणि बहुधा स्कॅन करतोय. काम संपलं की खाली उतरतो, त्याला बंद करायच्या भानगडीत पडू नका. त्याच खिडकीत डिस्क सतत शंभर टक्के दिसत असेल तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. विंडोजसाठी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा आणि जुनी डिस्क डेटासाठी ठेवा. अँटिव्हायरससाठी दरवर्षी जे पैसे जात होते ते एकदाच इथे घाला.